महोत्सव संपल्यानंतरचे ३० तास

तुझा प्रश्न थोडक्यात असा. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची ओजेटी आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं १२० तासांचं प्रशिक्षण. त्यासाठी तू कोल्हापुरातल्या एका कला महोत्सवाच्या ऑफिसात रोज चार तास जातेस. अकरा दिवसांत याद्या टाइप केल्यास, फोन लावलेस, झेरॉक्स काढल्यास, निमंत्रणपत्रिकांवर नावं घातलीस. रंगमंच अजून पाहिलेलाही नाहीस. महोत्सव संपेल तेव्हा तुझे साधारण ९० तास झालेले असतील, आणि उरलेले ३० तास "आम्ही भरून देतो, काळजी करू नको" असं तुला ऑफिसातून सांगितलंय. तू विचारतेस, ह्याला शिकणं म्हणायचं का, आणि ते ३० तास घेऊ का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घेऊ नकोस. त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं असेल. दमलेल्या पोरांना आणखी कशाला बसवायचं, असा विचार असतो. पण न केलेल्या कामावर सही घेऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या ३० तासांत जे शिकायला मिळतं ते आधीच्या ९० तासांत मिळत नाही. मी २२ वर्षं संगीत आणि नाट्य महोत्सवांच्या व्यवस्थेत काम करते. महोत्सव म्हणजे काय हे मला कळलं ते शेवटचा पडदा पडल्यानंतरच्या पंधरा दिवसांत. त्याकडे येतेच, पण आधी तुझ्या याद्यांबद्दल बोलू.

तू टाइप करतेस तो कलाकारांचा तक्ता. नाव, गाव, कार्यक्रमाची वेळ, गाडी, खोली, साथीदार, वाद्यं. माझ्या पहिल्या वर्षी हाच तक्ता माझ्याकडे होता. पुण्याहून एक गायिका येणार होत्या. वाद्यांच्या रकान्यात मी लिहिलं, 'तंबोरे २'. तेवढं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तंबोऱ्यांची जोडी आली, मिरजेची, भोपळ्यांवर सुंदर नक्षीकाम, बघत राहावं अशी. पाच वाजता साउंड चेकला बाई बसल्या, एक तार छेडली आणि हात खाली ठेवला. त्या गात होत्या काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, त्यांचा सा. जोडी होती पुरुषी, काळी एकची. त्यांच्या शिष्येनं खुंटी पिळत सूर चढवायला सुरुवात केली. काळी एकवरून काळी चार म्हणजे षड्जावरून थेट पंचमावर जाण्याएवढं अंतर. त्या जाडीच्या तारेला एवढा ताण सोसत नाही. तार तुटली ती सळकन तिच्या हातावर आली. मनगटाच्या वर लाल रेघ उठली, अगदी बारीक, जशी ब्लेडची असते. ती पोरगी काही बोलली नाही, तिनं हात पदराखाली घेतला.

मग धावाधाव. शुक्रवार पेठेत एका गाणाऱ्या बाईंच्या घरी बायकी तंबोरे होते, लहान भोपळ्याचे, बारीक तारांचे. ते चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी रिक्षातून आले. कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रेक्षक बसून राहिले, कुणी आरडाओरडा केला नाही, आणि बाई गायल्याही उत्तम. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "मला एक फोन केला असतास तर?" त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात 'पट्टी' नावाचा रकाना आहे. गाणाऱ्याची पट्टी कळली की तंबोरा ठरतो आणि तबलाही ठरतो. नृत्य असेल तर 'जमीन' नावाचा रकाना असतो, कारण कथक करणाऱ्याला कठीण, सपाट लाकूड लागतं, वर गालिचा चालत नाही, आणि अनवाणी नाचणाऱ्या कुणालाही स्टेजच्या फळीतून वर आलेला एक खिळा पुरतो. जेवणाचा रकाना असतो. त्यात 'शाकाहारी' एवढं लिहून भागत नाही. तबलजींना साखरेचा त्रास आहे, त्यांना साडेसातला खायला लागतं आणि कार्यक्रम सातला आहे, हे तिथे लिहावं लागतं.

म्हणून तू ज्याला नुसती यादी म्हणतेस तिच्याकडे पुन्हा एकदा बघ. प्रत्येक रिकामा रकाना म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी कुणाला तरी होणारा त्रास असतो. आणि तो फोन करायला ऑफिसात कुणाला वेळ नसतो. तुला आहे.

फोनचं एक सांगते. मोठ्या कलाकाराला फोन करताना पोरं घाबरतात आणि तीन वाक्यांत उरकतात. तू कागदावर प्रश्न लिहून घे, आधी विचार, "दहा मिनिटं बोलायला सवड आहे का, की संध्याकाळी करू?" आणि बोलणं झालं की त्याच दिवशी सगळं मेसेजवर लिहून पाठव आणि त्यांच्याकडून 'बरोबर' असं उत्तर घे. रियाजाच्या वेळी, म्हणजे सकाळी लवकर, फोन करू नकोस.

आता एक मागणी कर. तुमच्या समन्वयकांना सांग की कुठल्याही एका दिवसाचा एक कार्यक्रम माझ्याकडे द्या. निर्णय तुमचे, पाठपुरावा माझा. पहिल्या फोनपासून शेवटच्या पैशापर्यंत. असं मागितलं तर नाही म्हणणारा समन्वयक मी पाहिलेला नाही, कारण त्याचं एक ओझं कमी होतं. दहा कार्यक्रमांची दहा तुकडे कामं करण्यापेक्षा एका कार्यक्रमाचा अख्खा धागा हातात आला की मधल्या गाठी दिसायला लागतात. जी मुलं पुढं ह्या क्षेत्रात टिकली, त्यांच्यात मला हे एक साम्य दिसलंय.

त्या धाग्यात परवानग्या येतील. पोलीस, महापालिका, अग्निशमन, नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाचं परवानगीपत्र, रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवणार असाल तर त्याचा परवाना. ह्या प्रत्येक कागदाबरोबर एक शब्द शिकून घे, पोच. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच दारातून बाहेर पडायचं. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं म्हणाले तर थांबायचं. आवाजाचा नियम पाठ असू दे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते आणि ते कोणते हे जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. तुमचा महोत्सव त्यात बसतो का ते बघायचं. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला उघड्यावर काही करायचं ठरलं की हा मुद्दा हमखास येतो. शेवटची भैरवी पावणेदहाला सुरू व्हायची असेल तर दीपप्रज्वलन आणि सत्कार किती मिनिटांत आटपायचे याचं गणित दुपारीच करावं लागतं, आणि ते सगळ्यांना गोड शब्दांत सांगावं लागतं.

कोल्हापूरची म्हणून काही वेगळी गणितं आहेत. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून इथं ठेवून घेतलं. इथला जुना श्रोता ऐकायला बसतो तो ह्या सगळ्याच्या जोरावर, आणि तो वेळेवर येतो. पावणेसातला दारात उभा असलेला पंचाहत्तरीचा माणूस तुझा पहिला पाहुणा आहे. त्याला जिन्याचा कठडा कुठं, स्वच्छतागृह कुठं, हे सांगायला कुणीतरी लागतं. दुसरं गणित अंबाबाईचं. शनिवार-रविवारी महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक भाविकांनी भरलेले असतात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला. ह्या तारखांना लागून महोत्सव असेल तर मंदिराजवळच्या लॉजच्या खोल्या फार आधी धरून ठेवाव्या लागतात आणि कलाकाराची गाडी कुठून आत आणायची हे चालकाला आदल्या दिवशी दाखवून ठेवावं लागतं. खासबागेत कुस्त्या आहेत का तेही बघायचं. मैदानात कुस्ती आणि शेजारी ख्याल असा योग आला की मिरजकर तिकटीपासून गाड्या लावायला जागा उरत नाही.

आणि नाट्यगृहाचं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभं राहिलं, पुढं ते संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावानं ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर आम्ही किती जण उभे होतो. ज्या विंगेत मी पहिल्यांदा तिसरी घंटा ऐकली होती तिच्यातून धूर येत होता, आणि शेजारी उभे असलेले एक म्हातारे पडदेवाले टोपी काढून हातात धरून होते. मला ती रात्र आजही बाजूला ठेवता येत नाही. म्हणून कुठल्याही सभागृहात गेलीस की पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडायची दारं मोज, ती आतून उघडतात का बघ, त्यांच्यापुढं खुर्च्या लावलेल्या आहेत का बघ, अग्निशामक नळकांड्यांवरची मुदत वाच. तुझ्या वयाच्या मुलीनं हे तपासलं तर कुणी हसेल. हसू दे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तुला आत बसून गाणं ऐकावंसं वाटेल. एक दिवस जरूर ऐक. बाकीच्या दिवशी एक दार मागून घे आणि शेवटपर्यंत तेच दार सांभाळ. मध्यंतरात लोक काय बोलतात ते दारात ऐकू येतं. आणि रात्री सभागृह रिकामं झाल्यावर भरलेल्या खुर्च्यांचा, पासांचा आणि तिकिटांच्या अर्धुकांचा आकडा वहीत लिही. मांडववाल्यानं किती जादा खुर्च्या आणल्या आणि जनरेटर किती वाजता सुरू होऊन किती वाजता बंद झाला, तेही लिही. हे कशासाठी ते पुढं कळेल.

आता ते ३० तास.

महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरशील तेव्हा हार कोमेजलेले असतील, कोपऱ्यात बॅनरची गुंडाळी, टेबलावर उरलेल्या स्मृतिचिन्हांची खोकी, आणि अर्धे लोक रजेवर. इथून खरा हिशेब सुरू होतो. मांडववाल्याचं बिल येईल. त्यात जादा खुर्च्या ४०० लिहिलेल्या असतील आणि तुझ्या वहीत २५० असतील. जनरेटरच्या डिझेलचे तास जुळणार नाहीत. तेव्हा कुणाच्याही आठवणीपेक्षा तुझी वही जास्त बोलेल. भांडण करायचं नसतं. वही पुढं ठेवायची, चहा मागवायचा आणि दोघांनी मिळून बघायची. कोल्हापुरात तोच मांडववाला पुढच्या वर्षीही लागणार असतो.

मग प्रत्येक कलाकाराची एकेक फाइल. कराराचं पत्र, बिल, पॅन, रद्द केलेला चेक, तिकिटांच्या प्रती. व्यावसायिक मानधनावर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो. वर्षाला किती रकमेपर्यंत तो कापायचा नाही, ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार झाली. कापलेले पैसे सहसा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे असतात आणि कलाकाराला त्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. हे कलाकाराला आधी समजावून सांगितलेलं नसलं की ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पैसे आले म्हणून मन दुखावतं, आणि त्यात चूक आपलीच असते.

ह्यातच माझी दुसरी चूक आहे, आणि ती मला तंबोऱ्याहून जास्त टोचते. एका महोत्सवात एक तबलजी आले होते, बाहेरगावचे, अतिशय शांत माणूस. त्यांच्या बँकेचा कोड मी टाइप केला. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. मी तिथं इंग्रजी ओ टाइप केलं. पैसे गेले नाहीत. तोवर ऑफिस आवरलं होतं, मीही दुसऱ्या कामाला लागले होते, आणि बँकेचं खातं महिनोन् महिने कुणी जुळवून बघितलं नाही. मुख्य गायकांना त्यांचं मानधन वेळेवर मिळालं होतं, त्यामुळं ओरड करणारं कुणी नव्हतं. चार महिन्यांनी एका कार्यक्रमात ते मला भेटले. मी "कसे आहात" विचारलं, ते "बरं आहे" म्हणाले. निघताना, जिन्यात, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्या वेळचं काही बघता आलं तर बघा." चार महिने ते मागायला लाजत होते. साथीदारांच्या घरी त्या रकमेवर काय काय अडलेलं असतं याचा विचार करत मी तिथंच जिन्यात बसले.

म्हणून तुला सांगते, शेवटच्या दिवसांत साथीदारांची यादी तू माग. हार्मोनियम, तबला, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्या, प्रकाशयोजना करणारा, पडदा ओढणारा, ग्रीन रूममध्ये चहा देणारी मावशी. प्रत्येकाच्या नावासमोर पैसे गेले की तारीख लिही आणि प्रत्येकाला फोन करून "पोचले का?" एवढं विचार. हा फोन साधारणपणे कुणीच करत नाही. तू केलास तर ते तुझं नाव विसरणार नाहीत.

प्रायोजकांचा अहवालही ह्याच दिवसांत होतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चावी लागते, आणि कला-संस्कृतीचं जतन त्यात बसतं. पण नुसती जाहिरात म्हणून दिलेले पैसे त्यात धरता येत नाहीत. त्यामुळं सीएसआरमधून पैसे आले असतील तर बॅनरवरच्या बोधचिन्हाचा फोटो पुरत नाही. पैसे कशावर गेले, कुणाला लाभ झाला, याचा हिशेब आणि सीएनं दिलेलं विनियोग प्रमाणपत्र लागतं. पुढच्या वर्षीचा महोत्सव होणार की नाही हे पुष्कळदा ह्या कंटाळवाण्या दिसणाऱ्या कागदावर ठरतं. तो कागद कसा तयार होतो हे शेजारी बसून बघायला मिळणं ही मोठी संधी आहे.

फोटो निवडताना प्रत्येक फोटोखाली साथीदारांची नावं लिहिली आहेत का बघ. पंधरा वर्षांनी कुणीतरी ते फोटो शोधत येतं आणि 'तबल्यावर अज्ञात' एवढंच सापडतं.

कॉलेजच्या अहवालाची चिंता करू नकोस. रोज रात्री पाच ओळी लिहीत गेलीस तर अहवाल आपोआप होतो. 'संवादकौशल्य वाढले' असली वाक्यं टाळ. कुठला रकाना तू तक्त्यात वाढवलास आणि का, खुर्च्यांच्या बिलात किती फरक निघाला, हे लिही.

तीन गोष्टी स्वतःच्या काळजीच्या. रात्री अकरा-साडेअकराला घरी कसं जायचं हे पहिल्याच दिवशी ऑफिसला विचार. ती सोय करणं त्यांचं काम आहे, उपकार नाहीत. रोख रक्कम सही-पावतीशिवाय हातात घेऊ नकोस, अगदी पाचशे रुपये असले तरी. कुणी अंगचटीला आलं किंवा नको ते बोललं तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कॉलेजच्या मॅडमनाही त्याच दिवशी सांग. 'महोत्सव होऊन जाऊ दे, मग बघू' असं कुणी म्हटलं तरी थांबू नकोस.

उद्या गेलीस की दोन कामं कर. तक्त्यात पट्टीचा रकाना आहे का बघ, नसेल तर घाल आणि पहिला फोन लाव. आणि हिशेबाचं काम कोण बघतं ते विचारून त्यांना आत्ताच सांगून ठेव की महोत्सव संपल्यावर माझे ३० तास उरलेत, तुमच्या शेजारी एक खुर्ची मला द्या.